मुंबई ते न्यू यॉर्क: अंतर एकच, मग प्रवासाचा वेळ दर ठिकाणी वेगळा का?

प्रश्नपत्रिका

मंडळी, हिशेब काही केल्या जुळत नाहीये. मुंबई–न्यू यॉर्क हवाई अंतर बहुतेक सगळीकडे १२,५४० किमीच्या आसपास दिलेलं आहे. वेळेवर मात्र एकमत नाही. एक संकेतस्थळ म्हणतं १३ तास ५५ मिनिटं, दुसरं म्हणतं १६ तास ५. थेट विमानाच्या वेळापत्रकात जातानाचे पावणेसोळा ते साडेसोळा तास दिसतात, येतानाचे सव्वाचौदाच्या आसपास. एक थांबा घेतला की सगळं वीस-बावीस तासांवर जातं.

प्रश्न असे:
१) अंतर नक्की कुठून कुठे आणि कसं मोजतात?
२) जाण्यायेण्यात दोन तासांचा फरक कशामुळे?
३) विमान सरळ पश्चिमेला न जाता रशियाकडे का जातं? आणि आता तिकडून न जाता आखातावरून का जातं?
४) तिकिटावरच्या वेळा वाचून घरातून निघायची आणि तिकडे पोचायची वेळ कशी काढायची?

डिसेंबर आणि जून अशा दोन्ही महिन्यांचा विचार करून सांगा. "गूगल करा" हे उत्तर नको, ते करूनच इथे आलोय.

नकाशावेडा

पहिल्या प्रश्नापासून. कॅल्क्युलेटर असेल तर हे घरी पाच मिनिटांत होतं.

मुंबई विमानतळ: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यू यॉर्कचा जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज: १४६.६५ अंश.

सूत्र: कोसाइन(अंतर) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × कोसाइन(रेखांशांतला फरक).

आकडे घाला: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०. दुसरा भाग: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०. बेरीज −०.३८६०. याचा उलटा कोसाइन ११२.७ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणजे साधारण १२,५३० किमी. पृथ्वी पूर्ण गोल नसून कंबरेत थोडी सुटलेली आहे, ते धरलं की दहा-पंधरा किमी इकडेतिकडे होतात. १२,५४० हा आकडा बरोबर आहे.

वैमानिक आणि डिस्पॅचवाले (उड्डाणाची आखणी करणारे) किमी वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात. १ सागरी मैल = १.८५२ किमी, आणि तो अंशाचा साठावा भाग. म्हणून ११२.७ × ६० = ६,७६० सागरी मैल. सूत्र सागरी मैलात लावलं की १११.२ ने गुणण्याची कटकट वाचते.

नेहमी नडतं ते असं: कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलेला असतो. उत्तर भलतंच आलं की आधी 'डिग्री' बघा. दुसरं, पश्चिम रेखांश उणे धरायचं विसरलं की फरक ०.९१ अंश येतो आणि न्यू यॉर्क किर्गिझस्तानातल्या ओशच्या आसपास जाऊन बसतं.

नकाशावेडा

आता मार्ग. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यू यॉर्कला पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. दिशा न बदलता तसं उडत गेलं तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किमी. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारी वाट दीड हजार किमीहून जास्त लांब.

खरी जवळची वाट पृथ्वीगोलावर दोरा ताणून दिसते. ती मुंबईहून जवळपास उत्तरेला सुटते, दिशा ३३३ अंश, म्हणजे उत्तरेच्या जरा पश्चिमेला. कच्छच्या रणावरून सिंध, मग कंदाहारच्या बाजूने अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, आणि जवळपास मॉस्कोच्या डोक्यावरून! पुढे हेलसिंकीच्या जरा उत्तरेने, नॉर्वेजियन समुद्रावर ६४.७ उत्तर अक्षांश गाठून मग खाली वळते. आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, लॅब्राडॉर, क्वीबेक, आणि वरून खाली न्यू यॉर्क. पटत नसेल तर शाळेतला पृथ्वीगोल काढा आणि सुतळी लावा.

हा झाला भूमितीचा मार्ग. प्रत्यक्षात तसाच्या तसा कुणी उडत नाही, पण ते सांगायला इथे माझ्याहून जाणते लोक आहेत.

उलटावारा

आधी वेळेच्या त्या दोन आकड्यांचा निकाल लावतो. १३:५५ म्हणजे १२,५४० भागिले ९००. १६:०५ म्हणजे १२,५४० भागिले ताशी ५०० मैल (८०५ किमी), वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. दोघांनीही वारा, मार्ग, विमान यातलं काही बघितलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर जातानाच्या खऱ्या वेळेजवळ पडतं, तो निव्वळ योगायोग.

खरा हिशेब असा. बोइंग ७७७ साधारण माख ०.८४ ने (ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट) जातं, ७८७ आणि ए३५० ०.८५ ने. ३५ हजार फुटांवर तापमान उणे ५४ सेल्सियसच्या आसपास असतं, तिथे ध्वनीचा वेग ५७६ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). ०.८४ × ५७६ = ४८४ नॉट, म्हणजे ताशी ८९६ किमी. हा वेग हवेच्या संदर्भात. जमिनीच्या संदर्भात किती पडेल ते वारा ठरवतो.

मध्य अक्षांशांवर त्या उंचीला वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जेटस्ट्रीमच्या (याच वाऱ्यांच्या अरुंद, वेगवान झोताच्या) गाभ्यात हिवाळ्यात दीडशे नॉट नवल नाही. विमान सगळा वेळ गाभ्यात नसतं, त्यामुळे पूर्ण मार्गाची सरासरी धरायची. जाताना ३५ नॉट समोरून, येताना तेवढाच मागून असं धरू. मार्ग ७,०१० सागरी मैलांचा धरू (हा आकडा का, ते पुढच्या एका पोस्टमध्ये).

जाताना: ७,०१० ÷ ४५० = १५ तास ३५ मिनिटं.
येताना: ७,०१० ÷ ५२० = १३ तास २९ मिनिटं.

चढण-उतरणीत वेग कमी असतो त्याचे पंधरा मिनिटं दोन्हीकडे मिळवा. दोन तासांचा फरक कुठून येतो ते लगेच दिसतं. आणखी एक गंमत: समोरचा आणि मागचा वारा सारखाच असला तरी नफा-तोटा फिटत नाही. वारा नसता तर फेरी २८ तास ५८ मिनिटांची झाली असती, वाऱ्यामुळे ती २९:०४ झाली. फरक थोडा, पण समोरचा वारा नेहमी जास्तच खातो, कारण त्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं.

डिसेंबर ते फेब्रुवारीत जातानाची सरासरी ४५–५० नॉटवर जाऊ शकते, जून-जुलैत २० वर येते. १६ तास आणि १५ तास असा फरक नुसत्या ऋतूवर पडतो.

साडेतीनची_लोकल

मग येतानाचं विमान मुद्दाम जेटस्ट्रीममध्येच का नाही घुसवत?

उलटावारा

घुसवतात की. रोजचा फ्लाइट प्लॅन 'कमीत कमी अंतर' नव्हे, 'कमीत कमी वेळ किंवा खर्च' या हिशेबाने निघतो. पूर्वेकडे येताना जेटस्ट्रीमसाठी दोनशे मैल वाकडी वाट करणं परवडतं. पश्चिमेकडे जाताना तीच टाळायला उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतात. एकाच आठवड्यात एक विमान ग्रीनलँडवरून आणि दुसरं अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या बाजूने गेलेलं दिसतं ते यामुळेच.

अटलांटिकवर तर रोज नवे पट्टे आखले जातात. पश्चिमेकडे जाणारे ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक हवाई नियंत्रण केंद्र आखतं, ते दिवसा लागू, ११:३० ते १९:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). पूर्वेकडे येणारे कॅनडातलं गँडर आखतं, रात्री ०१:०० ते ०८:०० यूटीसी. रोजच्या वाऱ्याप्रमाणे दोन्ही हलतात. गर्दीत हवा तो पट्टा किंवा हवी ती उंची मिळाली नाही की पाच-दहा मिनिटं आणि थोडं इंधन जास्त जातं.

वेग कमी-जास्त करून उशीर भरून काढायला मात्र फारसा वाव नसतो. माख ०.८४ वरून ०.८५ केलं तर जेमतेम सहा नॉट मिळतात, पंधरा तासांत दहा-बारा मिनिटं. इंधनाचं बिल त्यापेक्षा जोरात वाढतं. "वैमानिकाने दामटलं आणि तासभर लवकर आणलं" हे जे म्हणतात ना, ती वाऱ्याची करामत असते.

नकाशावेडा

तिसऱ्या प्रश्नाकडे. जवळची वाट सिंधवरून जाते, आणि पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आकाश बंद केलं. भारतानेही ३० एप्रिलला तेच केलं. त्यानंतर मुदत महिन्या-महिन्याने नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून वाढवत नेली. आधी असंच २०१९ मध्ये झालं होतं, २६–२७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत.

मुंबईला याचा फटका किती? मी टप्पे मोजले. मुंबई–मस्कत १,५९० किमी, मस्कत–इस्तंबूल ३,३४०, इस्तंबूल–न्यू यॉर्क ८,०६०. एकूण १२,९९० किमी, म्हणजे ७,०१० सागरी मैल (वर उलटावारांनी हाच आकडा घेतलाय). जादा फक्त ४५० किमी, साधारण अर्धा तास.

दिल्लीचं दुखणं मोठं. दिल्ली–न्यू यॉर्क जवळचं अंतर ११,७५० किमी. तेच मस्कत–इस्तंबूल मार्गे १३,३५० च्या पुढे जातं. सोळाशे किमी जास्त, जवळजवळ दोन तास. एरवी दिल्लीहून अमेरिका जवळ, पण पाकिस्तान बंद असताना मुंबई जवळ! "पाकिस्तानमुळे अमेरिकेची विमानं दोन तास लांबली" ही दिल्लीची बातमी. ती मुंबईला तशीच लावू नये.

मुंबईचं खरं गाडं अडतं ते इराण-इराकपाशी. तेही बंद झाले की मस्कत, सौदी, कैरो, मग भूमध्य समुद्रावरून. १,५९० + २,७६० + ९,०२० = १३,३७० किमी. जवळच्या वाटेपेक्षा आठशे किमीहून जास्त, तासभर. १३ जून २०२५ ला इराणचं आकाश अचानक बंद झालं तेव्हा हवेत असलेली कित्येक विमानं परत फिरवावी किंवा दुसरीकडे उतरवावी लागली.

हे सगळे आकडे बिंदू ते बिंदू आहेत. प्रत्यक्ष हवाई मार्ग अजून एक-दोन टक्के वाकडे असतात.

खिडकीजवळची

आणि रशिया? अमेरिकन कंपन्या तिकडून जात नाहीत ना?

उलटावारा

२०२२ पासून अमेरिकी, कॅनडियन आणि युरोपीय संघाच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. उलट, पाकिस्तानची बंदी फक्त भारतीय विमानांना आहे, परदेशी कंपन्यांना नाही. त्यामुळे एकाच दिवशी एकाच शहरात जाणाऱ्या दोन कंपन्यांचे मार्ग अगदी वेगळे दिसतात. कुठल्या कंपनीचं विमान आहे हे बघितल्याशिवाय 'प्रवासाचा वेळ' सांगताच येत नाही. अंतराच्या संकेतस्थळांना याचा पत्ताच नसतो.

वजनकाटा

तासभर जास्त उडायचं म्हणजे फक्त तासभर जास्त बसायचं असं नाही. ७७७-३००ईआर चं उदाहरण घ्या. उड्डाणाचं कमाल वजन ३५१.५ टन. टाकीत मावतं १,८१,००० लिटरच्या वर, म्हणजे साधारण १४५ टन. खप सुरुवातीला, विमान जड असताना, ताशी आठ-नऊ टन. शेवटी हलकं झालं की सहाच्या आसपास. सरासरी साडेसात धरा.

एक तास वाढला की साडेसात टन इंधन जास्त. पण ते इंधन पंधरा तास वाहून न्यायलाही इंधन लागतं, दर टनामागे तीन-चारशे किलो. म्हणजे निघताना दहा टन जास्त भरावे लागतात. विमान आधीच कमाल वजनाला टेकलेलं असेल तर हे दहा टन कुठून काढायचे? आधी कार्गो उतरतो. तेवढ्याने भागलं नाही तर काही सीटा रिकाम्या ठेवतात. सामानासकट माणशी शंभर किलो धरलं तर दहा टन म्हणजे शंभर प्रवासी. हे गणित बसलं नाही की कंपनी मधे थांबते. २०२५ च्या एप्रिलनंतर एअर इंडियाची अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधन भरायला उतरत होती ती याचसाठी.

असा तांत्रिक थांबा जमिनीवर तास-सव्वा तासाचा. खाली उतरणं, पुन्हा चढणं आणि वाकडी वाट धरून एकूण दोन ते अडीच तास वाढतात. प्रवाशांना सहसा खाली सोडत नाहीत. वैमानिकांच्या ड्यूटीचे तासही त्यात वाढतात, ते मर्यादेबाहेर जाणार असतील तर तिथे नवा ताफा चढवावा लागतो.

लक्षात घ्या, हा ताण जातानाच जास्त. येताना वारा मागून असतो, म्हणून तेच विमान न्यू यॉर्कहून न थांबता मुंबईला येतं. "जाताना थांबा, येताना थेट" असं वेळापत्रक दिसलं तर ती छापण्यातली चूक समजू नका.

मुंबईची गरमीही नडते. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल आणि इंजिनांना जोर कमी मिळतो. लांब पल्ल्याची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात त्याचं हे एक कारण. दुसरं कारण, सकाळी अमेरिकेत उतरलं की पुढची जोड-विमानं मिळतात.

अवांतर: विमानाच्या इंधनाचं गोठणंही बघावं लागतं. आपल्याकडे जेट ए-१ मिळतं, ते उणे ४७ ला गोठू लागतं. अमेरिकेत सर्रास जेट ए, त्याची मर्यादा उणे ४०. टाकीतलं इंधन त्या मर्यादेच्या तीन अंश वर ठेवावं लागतं. ध्रुवाकडच्या गार हवेत त्याचं तापमान उतरायला लागलं की विमान खाली घेतात किंवा वेग थोडा वाढवतात. दोन्हीत इंधन जास्त जातं.

खिडकीजवळची

सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर हाच हिशेब? की तिकडचं सगळं उलटं?

नकाशावेडा

उलटंच म्हणा. वरचंच सूत्र लावून मुंबई–सॅन फ्रान्सिस्को १३,५१० किमी येतं, आणि वाट मुंबईहून १४ अंश दिशेने सुटते, म्हणजे उत्तरेच्या जरा पूर्वेला. चीन, सैबेरिया, ७६.६ उत्तर अक्षांश आणि मग अलास्काकडून खाली. पाकिस्तान मधे येतच नाही. जाताना पॅसिफिकवरून दक्षिणेकडच्या वाटेने गेलं तर अंतर वाढतं, पण वारा मागून मिळतो. म्हणून पश्चिम किनाऱ्याला जाताना पूर्वेकडून जाणं बऱ्याचदा किफायतशीर. न्यू यॉर्कला ही सोय नाही, ते पृथ्वीच्या अगदी पाठीमागे नसून बरंच पश्चिमेकडे झुकलेलं आहे.

तांबडं_फुटलं

घड्याळाचं मी सांगतो, घोटाळा तिथेच सगळ्यात जास्त होतो.

वेळापत्रकात असतो तो 'ब्लॉक टाइम': चाकांखालच्या अडणी निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंत. त्यात टॅक्सी, म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, आली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या (०९/२७ आणि १४/३२) एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम पूर्ण जोमाने वापरता येत नाहीत. दाराशी सुटल्यापासून चाकं उचलेपर्यंत पंधरा ते पंचवीस मिनिटं सहज. जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास रांगेत जातो. वर शिवाय कंपनी उशिरासाठी थोडा जादा वेळ धरून ठेवते. त्यामुळे "अर्धा तास उशिरा निघालो पण वेळेवर पोचलो" यात जादू काही नाही.

भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, वर्षभर. न्यू यॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. म्हणून फरक साडेदहा किंवा साडेनऊ तास. बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, पहाटे दोनला.

जूनचं उदाहरण. मुंबईहून ०१:३० ला सुटलं, ब्लॉक १६:१०. भारतीय वेळेने १७:४०, वजा ९:३०, म्हणजे न्यू यॉर्कला सकाळी ०८:१० आणि तारीख तीच. डिसेंबरात तेच विमान ०७:१० ला पोचतं. हिवाळ्याचा वारा धरून ब्लॉक वाढवला तर साडेसातच्या आसपास.

परतीचं: जूनमध्ये न्यू यॉर्क दुपारी १२:००, भारतात २१:३०. अधिक १४:२०, म्हणजे दुसऱ्या दिवशी ११:५०. तिकिटावर वेळेशेजारी '+१' लिहिलेलं असतं. घ्यायला येणाऱ्यांना वेळ कळवताना तो '+१' हमखास गळतो.

याहून मोठी बोंब जाताना. तिकिटावर '१५ डिसेंबर, ००:४५' असेल तर १४ तारखेच्या रात्री नऊला विमानतळावर असायला हवं. १५ ला रात्री जेवून निघालेली माणसं विमान सुटून वीस तास झाल्यावर पोचतात. घरातल्या कॅलेंडरवर १५ ला नव्हे, १४ ला गोल करा.

मार्चअखेर लंडनमार्गे जाणाऱ्यांसाठी: युरोपचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं, अमेरिकेचं त्याआधी दोन-तीन आठवडे. त्या मधल्या दिवसांत लंडन–न्यू यॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. ऑक्टोबरअखेर असाच एक आठवडा येतो. तेव्हा दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मधला वेळ पुन्हा मोजा. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रकही मार्चच्या शेवटच्या रविवारीच लागू होतं, सहा महिने आधी काढलेल्या तिकिटाची वेळ तेव्हा बदलू शकते. ईमेल बघत राहा.

साडेतीनची_लोकल

एक थांबा घेतला तर अंतर किती वाढतं? दुबईमार्गे म्हणजे उगाच खाली जाऊन वर येणं वाटतं.

नकाशावेडा

वाटतं तितकं नाही. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यू यॉर्क ११,०००, एकूण १२,९३०. जवळच्या वाटेहून फक्त तीन टक्के जास्त. लंडनमार्गे तर ७,२१० + ५,५४० = १२,७५०, जेमतेम दोन टक्के. म्हणजे पाकिस्तान टाळून जाणारं थेट विमान लंडनमार्गे जाणाऱ्या प्रवाशाहून जास्त अंतर कापतं!

वेळ जातो तो बसून राहण्यात. दुबईमार्गे तीन तास अधिक चौदा-सव्वाचौदा, मधे अडीच ते चार तास. एकूण वीस-एकवीस. लंडनमार्गे दहा अधिक आठ, अधिक मधला वेळ, तेवढेच. थेट विमानाशी फरक चार-पाच तासांचा.

मुक्कामपोस्ट_एडिसन

चौथ्या प्रश्नाचं राहिलेलं. 'न्यू यॉर्क' म्हणजे तीन विमानतळ: जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया. एडिसन, प्रिन्स्टनकडे जायचं असेल तर नेवार्क बघा, ते न्यू जर्सीतच आहे, एडिसन अर्ध्या-पाऊण तासावर. जेएफकेला उतरलात तर पन्नास-साठ किमीच अंतर, पण मधे मॅनहॅटन नाहीतर स्टेटन आयलंड. गर्दीच्या वेळी दोन तास धरून चाला. जेएफकेला उतरून लाग्वार्डियाहून देशांतर्गत विमान असं तिकीट स्वस्त दिसतं, पण सामान स्वतः घेऊन शहराच्या रस्त्याने जावं लागतं. चार तासांहून कमी फट असेल तर घेऊ नका.

अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या. बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी. हे माहीत नसल्याने लोक बॅगा पट्ट्यावर फिरत ठेवून पुढे जातात. सकाळी दोन-तीन मोठी विमानं एकदम उतरली की रांगेत दीड तास जातो. पुढचं विमान किमान तीन तासांनी ठेवा.

अबू धाबी किंवा डब्लिनमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, न्यू यॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. पण मग मधली फट मोठी लागते, दीड तासाची जोडणी तिथे घेऊ नये.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असली की दुसरी कंपनी तुम्हाला 'आलाच नाही' धरते आणि परतीचंही रद्द करू शकते. युरोपमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. वैध अमेरिकी व्हिसा असला तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रश्नपत्रिका

एकदम कामाचं. पुण्याहून निघणाऱ्यांसाठी घरापासून घरापर्यंत हिशेब करून द्याल का कुणी? डिसेंबर, थेट विमान, ००:४५ चं उड्डाण, एडिसन.

मुक्कामपोस्ट_एडिसन

घ्या. चेक-इन काउंटर कंपनीप्रमाणे साठ ते पंचाहत्तर मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे साडेअकरा ही शेवटची रेघ. विमानतळावर नऊला पोचायचं. पुणे–मुंबई दीडशे किमी, साधारण साडेतीन तास. पण घाटात एक ट्रक आडवा झाला की पाच. म्हणून घरातून दुपारी साडेतीन-चारला निघा. शुक्रवार संध्याकाळ किंवा सुट्ट्यांची गर्दी असेल तर अडीच-तीनला.

तिकिटावर 'मुंबई' बघून थांबू नका, विमानतळ कोणता ते वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. पुण्याहून येणाऱ्याला ते आधी लागतं, तर सहारचं टर्मिनल २ पुढे तास-दीड तासावर. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर तो वेळ वसूल होत नाही.

००:४५ अधिक १६:२०, भारतीय वेळ १७:०५, वजा १०:३०, न्यू यॉर्कला सकाळी ०६:३५. इमिग्रेशन आणि सामान दीड तास, म्हणजे बाहेर आठ. नेवार्क असेल तर नऊला घरी. जेएफके असेल तर सकाळची गर्दी धरून दहा-साडेदहा. दुपारी साडेतीनला पुण्यातून निघालात तेव्हा न्यू यॉर्कला पहाटेचे पाच होते. म्हणजे घर ते घर अठ्ठावीस-एकोणतीस तास, त्यातले हवेतले पावणेसोळा.

वजनकाटा

यात एकच भर. निघायच्या आदल्या दिवशी त्याच क्रमांकाचं विमान कुठल्याही ट्रॅकिंग ॲपवर उघडा आणि मागच्या सात दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा बघा. मधे थांबतंय का, कुठल्या वाटेने जातंय, सरासरी किती लागतंय, सगळं तिथेच दिसतं. सातपैकी पाच दिवस विमान चाळीस मिनिटं उशिरा पोचत असेल तर पुढची गाडी त्या हिशेबाने सांगा. आणि थांबा दिसला तर मधुमेहाची वगैरे औषधं हातातल्या पिशवीत अडीच तासांची जास्त धरून ठेवा, विमानात जेवणाच्या वेळाही त्याप्रमाणे सरकतात.